नव्याण्णव वाटे ऊन

वन्सं, जाताना माणसं घरच्यांना काही ना काही देऊन जातात. कोणी पाटल्या देतं, कोणी आशीर्वाद देतं, कोणी निदान "सुखी राहा" एवढं तरी म्हणतं. तुम्ही मला काय दिलंत? फणसाची फांदी. तीही झाडावरच असलेली, आपली आपण तोडून घ्यायची. लग्न होऊन मी सर्वणला आले त्या सुपारीच्या पहिल्या हंगामापासून जी फांदी मागत होते, ती तुम्ही शेवटच्या आठवड्यात खाटेवर पडल्या पडल्या देऊन टाकलीत. "काढून घे गं ती, सुमन. तुझी सुपारी वाळेल." एवढं बोललात आणि भिंतीकडे तोंड केलंत. आता तुमचा बारावा झाला, पाहुणे गेले, उद्या सकाळी बाबल करवत घेऊन येतोय, आणि मी पडवीत बसून तुमच्याशी भांडतेय. समोर खुर्ची रिकामी. हे बरं नाही केलंत.

पेडण्याहून निघताना आईने मला नणंदेबद्दल बजावून ठेवलं होतं. नणंद टोमणे मारील, चहाड्या करील, ऐकून घे, उलटून बोलू नकोस. मी अगदी तयारीनिशी आले. बघते तर नणंद टोमणाही मारत नाही आणि चहाडीही करत नाही. नणंद शिकवते! मी चुलीपुढे फुंकर घालून बेजार झालेली असायची आणि मागून आवाज यायचा, "सुमन, फुंकर घातलीस की आत काय पोचतं, सांग बघू?" धुराने माझे डोळे चुरचुरतायत, सासूबाई पेजेची वाट बघतायत, आणि हिला उत्तर पाहिजे! एखादा टोमणा परवडला असता.

गावात मात्र तुमचा मान मोठा. गोवा मुक्त झाल्यावर आमच्याकडे शाळा भराभर उघडल्या, त्यांत शिकलेल्या पहिल्या काही मुलींतल्या तुम्ही. बाहेरगावी राहून पदवी घेतलीत आणि डिचोलीच्या शाळेत विज्ञानाच्या बाई झालात. लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणायचात. ते बघणं तसंच राहून गेलं. तुमच्याएवढी शिकलेली बाई घरात आहे याचा मलाही अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण वन्सं, तुम्ही शाळा सुटल्यावर शाळा तिथेच ठेवून यायला पाहिजे होती.

त्या फणसावरून आपली पहिली ठिणगी पडली तो दिवस मला लख्ख आठवतो. घरापुढे खळं, खळ्याच्या कडेने खाली उतरत गेलेलं आपलं कुळागर. पोफळी, मधूनमधून केळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली. आणि खळ्याच्या पश्चिमेला तो फणस. त्याची एक फांदी अशी आडवी पसरलेली, की दुपार कलली रे कलली की अर्धं खळं सावलीत. आता सुपारीला काय लागतं? कडक ऊन. एकदा का ती आत दमट राहिली, की बुरशी धरते आणि सगळी मेहनत फुकट. म्हणून मी नवी नवरी, हातातल्या हिरव्या चुड्यासकट, सुपारीची गोणपाटं उन्हामागून ओढत खळ्याच्या या टोकाला नेत होते. आणि तुम्ही? तुम्ही त्याच सावलीत खुर्ची टाकून वह्या तपासत होतात.

मी आपलं सहज बोलले. "वन्सं, हा फणस एवढं ऊन खातो आणि फणस धरतो ते हे एवढेसे. जातं कुठे मेलं सगळं ऊन?"

तुम्ही लाल पेन खाली ठेवलंत. इथेच मी फसले.

"खातो बरंच, पण साठवतो फार थोडं," तुम्ही म्हणालात. "शंभर वाटे ऊन पडलं, तर त्यातला एखादा वाटा त्याच्या अंगी लागतो. लाकूड, पान, फळ सगळं धरून. फार तर दोन."

"आणि बाकीचं?"

"निम्म्याच्या आसपास ऊन त्याच्या कामाचंच नसतं. आपल्याला दिसत नाही, नुसती ऊब लागते, ते पानाला साखर करायला चालत नाही. उरलं त्यातलं थोडं पान परत फेकतं, हिरवं जरा जास्त, म्हणून तर ते हिरवं दिसतं. थोडं पानातून आरपार जातं. आणि जे आत घेतलं, त्यातलंही बरंचसं वापरता न आल्यामुळे उष्णता होऊन निघून जातं."

"म्हणजे शंभरातला एक वाटा ठेवून घेतो."

"हो."

"मग माझे नव्याण्णव कुठायत?"

मी कमरेला पदर खोचला. "त्याला एक पुरतो ना? घेऊ दे त्याला एक. नव्याण्णव वाटे माझ्या खळ्यात पडायला नकोत? इथे तर काळोख! एक खाणारा आणि नव्याण्णव अडवून ठेवणारा, असला कसला हा तुमचा फणस? तोडून टाकूया ती फांदी."

तुम्ही एवढ्या हसलात की वह्या मांडीवरून घसरल्या. मला वाटलं, चला, पटलं वाटतं. पण पटलंबिटलं काही नव्हतं. तुम्ही उठलात, एक पान तोडलंत आणि ते उन्हात धरून मला त्याच्या शिरा दाखवायला लागलात. तोवर सगळी सुपारी सावलीत गेली होती. यांनी, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाने, दारातून आपलं दोघींकडे बघितलं आणि हळूच आत पळ काढला. त्यानंतर जन्मभर त्यांनी तेच केलं. विचारलं की म्हणायचे, "तुमच्या दोघींच्या मधे उभा राहिलो तर सुपारीआधी मीच वाळेन."

तर हे आपलं भांडण. दर वर्षी सुपारी उतरली की सुरू, पाऊस आला की बंद. शेजारणी विचारायच्या, "गे सुमन, तुझी नणंद फांदी दिता मगे?" मी म्हणायची, "जीव देईल, फांदी देणार नाही."

बरं, तुम्हाला सगळंच कळत होतं असंही नाही. माझ्या रोपांचं काय केलंत आठवतंय ना? मी माहेराहून, पेडण्याच्या आमच्या बागेतलं, निवडक सुपारीचं बी आणलं होतं. वडिलांनी स्वतः जुन्या पोफळीवरून उतरवून दिलेलं. केळीच्या सावलीत लावलं, रुजवलं, हाताएवढी झाली रोपं. आणि एक दिवस बघते तर निम्मी रोपं गायब. कुठे? तर तुम्ही उचलून उघड्यावर नेऊन लावलीत! का? तर "मुलांना दाखवायचंय. निम्मी सावलीत, निम्मी उन्हात. कोण जास्त वाढतं बघू."

माझी रोपं, वन्सं! न विचारता!

उन्हातली रोपं आधी पिवळी पडली, मग पानांना करपल्यासारखे डाग आले, मग वाळूनच गेली. मी खळ्यात बसून चक्क रडले. तुम्ही माझ्याशेजारी उभ्या राहून काय म्हणालात? "फसला प्रयोग, पण कळलं बघ." मला वाटलं उठून तुमच्या डोक्यात घागर घालावी. आणि वर आणखी समजावत होतात. सावलीत वाढलेल्या पानाची ताकद तेवढीच बांधलेली असते, एकदम भर ऊन आलं की ते त्याला वापरताही येत नाही आणि टाकूनही देता येत नाही, मग तेच ऊन पानाला आतून नासवतं. "ऊन कमी पडून जेवढं मरत नाही, सुमन, तेवढं एकदम जास्त झाल्याने मरतं." मी म्हटलं, "मला नका सांगू. माझ्या बापाच्या पोफळींना सांगा."

माफी? माफीचं नावच काढू नका. माफी मागणं हे तुमच्या अभ्यासक्रमातच नव्हतं. पण पुढच्या रविवारी तुम्ही सकाळीच निघालात, "कामं आहेत" एवढंच सांगून. म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेलात, आमच्या घरी. हे मला कळलं ते आई नंतर भेटली तेव्हा. आई म्हणाली, "तुझी नणंद एकटीच आली गो. बी मागितलं, पोतं काखोटीला मारलं. जेवायला बसवली तर दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणाली. आजारी आहे काय ती?" संध्याकाळी तुम्ही पोतं खळ्यात ठेवलंत आणि हातपाय धुवायला गेलात. तुम्ही बोलला नाहीत, मग मीही विचारलं नाही.

सावलीत वाचलेली रोपं आणि त्या पोत्यातल्या बियांची रोपं मिळून खळ्याच्या कडेची पोफळींची पहिली ओळ झाली. आणि ती ओळ उभी राहिल्यावर तुमच्या हातात आयतं कोलीत मिळालं. आता ती फणसाची फांदी नुसत्या खळ्यावर नव्हती, त्या ओळीवरही होती. मी फांदीचं नाव काढलं की तुम्ही लगेच, "आणि पोफळी? दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट खोडांवर आलं की खोडं भाजतील, चिरतील, मग पहिल्या वाऱ्याला मोडतील." माझ्याच माहेरच्या पोफळी तुम्ही माझ्यापासून वाचवत होतात. मला तोंड उघडायला जागा ठेवली नाहीत.

आणि ते धुळीचं वेड! खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक, रस्त्याकडेची झाडं तांबडीलाल. तुम्ही शाळेतल्या पोरींना घेऊन ओल्या फडक्यांनी झाडांची पानं पुसायला लागलात. पानं! फडकी कुठली? माझी. धुवून वाळत घातलेले पंचे, जुनी लुगडी, एकदा तर यांचं बरं धोतर. मी शेवटी वैतागून म्हटलं, "अहो, तुमचं झाड नाहीतरी नव्याण्णव वाटे वाया घालवतं. त्यात आणखी थोडं धुळीने गेलं तर कुठे बिघडलं? माझी धुणी कशाला नासवता?"

तुम्ही तेव्हा हसला नाहीत. फडकं पिळत होतात, तांबडं पाणी गळत होतं. म्हणालात, "ज्याच्या हाती मुळात एक लागतो सुमन, त्याचा अर्धा काढून घेतला तर त्याने जगायचं कशावर?" मी आत गेले आणि तुम्हाला दुसरं फडकं आणून दिलं. म्हणजे पुन्हा मीच हरले.

पण खरं सांगू का, फांदीपेक्षा मला तुमच्या त्या "पुरे"ने जास्त छळलं. आयुष्यभर. ताटात वाढलं की पुरे. पाववाला पदेर सकाळी उंडे टाकून जायचा, तुम्ही अर्धाच खाणार. खतखतं केलं तर एक वाटी, पातोळ्या केल्या तर एकच, तीसुद्धा "तू एवढी मागे लागतेस म्हणून." दिवाळीला साडी घेतली की घडी न मोडता पेटीत. शाळेतून निवृत्त झालात तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार ठरवला, केवढ्या हौसेने आली होती पोरं, तर म्हणालात "कशाला, पुरे." मी चिडून म्हटलं होतं, "तुम्ही आणि तुमचा फणस, दोघं एकाच माळेचे मणी. शंभर वाटे द्यावे तेव्हा एक घेणार." तुम्ही म्हणालात, "घेणार नव्हे, साठवणार. घेतात बरंच." भांडणातसुद्धा माझा शब्द दुरुस्त! हात टेकले मी.

एकदाच मी तुम्हाला नीट विचारलं होतं. पावसाळ्याचा मधला काळ होता, दिवसाढवळ्या घरात दिवा लावावा लागत होता. आपण दोघी पडवीत कडधान्य निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "वन्सं, पण का हो? देवाने एवढं बुद्धीने सगळं केलं, मग पानालाच असं अर्धवट का केलं? समोर ताट भरलेलं, आणि खाता येतं एक घास."

तुम्ही बाहेर बोट दाखवलंत. "आज बघ. आज ढगांतून जेवढं येतंय ना, त्यातलं तो फणस फारसं सोडत नाहीये. पान असल्या दिवसांत टिकायला बांधलंय, मिणमिणत्या उजेडात. आपल्याच वरच्या पानांच्या खाली, दुसऱ्याच्या सावलीत. चैत्रातल्या दुपारी एवढं ऊन येतं की हवेतला वायू पुरत नाही, पाणी पुरत नाही. पाणी वाचवायला पान तोंड मिटून घेतं. मग कितीही ऊन ओतलं तरी आत जात नाही. ते सगळं खाण्याजोगं पान बांधलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात झाड उपाशी मेलं असतं."

"आणि नव्याण्णव वाटे वायाच?"

"वाया कसे? त्यातलं बरंचसं ऊन पानातलं पाणी वर उडवतं. म्हणून तर फणसाखालची सावली पत्र्याखालच्या सावलीपेक्षा गार लागते. तू मला रोज त्या सावलीत बसलेली बघतेस ना? मी तुझ्या नव्याण्णव वाट्यांत बसलेली असते."

तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे शेवटी ऊन माझं, आणि बसणार तुम्ही." आणि आपण दोघी हसलो. पण उत्तर मला पुरलं नव्हतं, वन्सं. मी पानाचं विचारतच नव्हते. तुम्ही एवढ्या हुशार, आणि तुम्हाला ते कळलं नाही. की कळलं होतं आणि पान दाखवून मला गप्प केलंत? हे आता कोणाला विचारू मी?

हे गेले त्या वर्षीची गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत, मी आज बोलते. सुपारी उतरलेली होती आणि मी अंथरुणाला खिळल्यासारखी पडून होते. माणसं येत होती, रडत होती, धीर देत होती. तुमचा तर पाठचा भाऊ गेला होता. तुम्ही ना रडलात, ना मला जवळ घेतलंत. मला वाटलं, ही बाई आहे का दगड? मग एका दुपारी मी उठून खिडकीशी आले. बाहेर तुम्ही सुपारीची गोणपाटं ओढत होतात. निवृत्त झालेल्या, केस पिकलेल्या बाई, वाकून, एक गोणपाट उन्हात ओढून नेताय, मग परत येऊन दुसरं. सावली पुढे सरकली की पुन्हा. त्या सबंध हंगामात तुम्ही मला सुपारीला हात लावू दिला नाहीत. आणि त्यानंतर दर वर्षी, दुपार कलली की तुम्ही उठायचात आणि माझ्याआधी ओढायला लागायचात, माझे गुडघे दुखतात म्हणून.

आता मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? फांदी तोडू दिली असती तर एका सकाळचं काम होतं. ते नाही. फांदी राहणार, पोफळी राहणार, आणि मधल्यामध्ये ही बाई म्हातारपणी गोणपाटं ओढणार. असं उफराटं प्रेम कोणी करतं? करायचंच तर सरळ करावं ना, समोरच्याला कळेल असं!

आणि मग आजारपण. तिथेही पुरे. म्हापशाच्या डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर "बघू". माझा प्रसाद पणजीहून गाडी घेऊन आला, आत्येला न्यायला म्हणून, तर त्याला चहा पाजून परत पाठवलंत. शेवटी नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर माझ्यावर ओरडले. तुमच्यावर नाही, माझ्यावर! घरी आणल्यावर मी पेज भरवायची, तुम्ही दोन चमच्यांनंतर तोंड मिटून घ्यायचात. मी म्हणायची, "पान आहात का तुम्ही?" तुम्हाला हसू यायचं, पण हसायलाही दम पुरायचा नाही.

आणि त्यातच ती दुपार. मी खळ्यात गोणपाटं ओढत होते, एकटीच, गुडघ्यावर हात ठेवून ठेवून. तुमची खाट खिडकीशी होती. मी आत आले तर म्हणालात, "काढून घे गं ती, सुमन. तुझी सुपारी वाळेल." मला आधी कळलंच नाही काय ते. मग कळलं तशी मी एवढी भडकले, की शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. "आता? आता देता? एवढी वर्षं मी घसा फोडला तेव्हा नाही, आणि आता? मला नको तुमची फांदी. राहू दे. बऱ्या व्हा आणि भांडा माझ्याशी."

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं झोपलात. थोड्या वेळाने तिकडूनच आवाज आला, बारीक. "पण त्याआधी पहिल्या ओळीला विरी बांध. पश्चिमेच्या अंगाने. एकदम ऊन नको पडायला."

तेच तुमचं शेवटचं नीट वाक्य. पुढे दोन दिवस फक्त पाणी मागितलंत.

सुतकात मला काही काम करू देत नव्हते, तेव्हा मी खिडकीशी बसून फणसाकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, वन्सं. तुम्ही फांदी दिलीत ती माझं पटलं म्हणून नाही. गोणपाटं ओढायला आता तुम्ही नसणार, म्हणून दिलीत. तुम्ही त्या दुपारी मला खिडकीतून बघत होतात. कसा राग आला तुमचा, कसं सांगू! एवढं सरळ बोलता येत नव्हतं? "मी जाते आहे, तुझे कष्ट बघवत नाहीत" एवढं म्हणायला काय झालं होतं? तर म्हणे सुपारी वाळेल.

प्रसाद फोनवर म्हणतो, "आई, सुपारीच सोड. कुळागर द्यायचं कोणाला तरी बघायला, तू ये इकडे." मी म्हटलं, "पुरे." आणि माझं मलाच दचकायला झालं.

काल इथवर भांडून झालं, मग उरलेली रात्र मी ह्याच विचारात काढली. फांदी ठेवली तर तुमची आठवण राहील, खुर्चीला सावली राहील. पण जन्मभर तुम्ही मला एवढी एकच वस्तू दिलीत, आणि तीही मी "नको" म्हटली, तर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? देणाऱ्याचा हात तसाच राहिला की कसं वाटतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी घेणार, वन्सं. पूर्ण घेणार. एकदा तरी कोणीतरी या घरात दिलेलं पूर्ण घ्यायला पाहिजे.

आज सकाळी बाबल आला. तो दोडामार्गाकडचा, तुमच्या ओळखीचा, नारळ उतरवायला यायचा तोच. खाली उभा राहून वर बघत म्हणाला, "काकी, खांदी मुळातसून काढूची काय थोडी ठेवूची?"

"मुळातून काढ. पण थांब जरा."

"आता कित्याक थांबूचा?"

"आधी विरी बांधायची आहे."

पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या, झावळांच्या बुडाचे ते रुंद, चिवट पाटे, मी कालच गोळा करून भिजत घातल्या होत्या. बाबलने आणि मी मिळून पहिल्या ओळीतल्या एकेका खोडाला पश्चिमेच्या बाजूने त्या गुंडाळल्या आणि सुंभाने बांधल्या. बाबल हात पुरेल तिथवर वर, मी खाली. तुम्ही असतात तर प्रत्येक गाठ तपासली असतीत आणि एखादी सोडून पुन्हा बांधायला लावली असतीत. मीच दोन गाठी सोडून पुन्हा बांधल्या. बाबल म्हणाला, "बाईंनी शिकवल्यानी काय?" मी म्हटलं, "शिकवल्याशिवाय सोडलंय कोणाला तिने?" त्याला हसू आलं, मग त्याने डोक्याचा टॉवेल काढून उगाच तोंड पुसलं.

फांदी पडायला फार वेळ लागला नाही. चीक गळत होता, पानं खळ्यात सगळीकडे. बाबलने ओंडके बाजूला लावले, मी खळं झाडून घेतलं, गोणपाटं पसरली आणि सुपारी घातली. दुपार कलली. मी सवयीने उठले, गोणपाट ओढायला वाकले, आणि बघते तर ओढायचं कारणच नाही. ऊन तसंच होतं. पुढेही तसंच राहिलं, संध्याकाळपर्यंत.

आलं, वन्सं, सगळं ऊन आलं. जन्मभर मागितले ते माझे नव्याण्णव वाटे खळ्यात पडलेत. सुपारी खडखडीत वाळेल यंदा. तुमची खुर्ची उन्हात आली होती, ती मी उचलून पडवीत आणली. मग मी जाऊन खळ्याच्या मधोमध उभी राहिले, म्हटलं बघूया तरी. डोळे उघडेनात. डोक्यावर पदर घेतला तरी सोसेना. एवढी वर्षं या घरात राहिले ती तुमच्या सावलीत राहिले, आणि तुमच्याशी भांडत राहिले म्हणून ते मला कधी कळलं नाही.

पोफळींचं सगळं आठवणीने सांगून गेलात तुम्ही. कुठल्या अंगाने बांधायचं, कधी बांधायचं. बांधली मी विरी, एकूण एक पोफळीला. माझं काय करायचं ते सांगितलं नाहीत.